ट्यूब दाखवा, पण स्वस्तातली

सोनगीरच्या माणसाला एकदा भांडं विकून दाखवावं. मुंबई-आग्रा रस्त्यावर, धुळ्याच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर, किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेलं हे गाव तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात नावाजलेलं. स्टीलने घरोघरच्या मांडण्या बळकावल्यापासून ठोकाठोकीचा आवाज विरळ झाला असेल, पण नजर तीच आहे. इथला माणूस हंडा घेताना आधी बोटाच्या पेराने वाजवून नाद ऐकतो. मग उन्हाकडे धरून आत डोकं घालतो आणि कुठे टाचणीएवढा उजेड दिसतोय का बघतो. जोड कुठे आहे, पत्रा सगळीकडे सारखा आहे की काठाला जाड आणि पोटात पातळ, हे हाताने चाचपतो. शेवटी वजन करायला लावतो. एवढं सगळं झालं की म्हणतो, "बघू, पुढच्या आठवड्यात येतो."

हाच माणूस सायकलची ट्यूब घ्यायला येतो तेव्हा संभाषण एवढंच:

"आबा, ट्यूब शे का?"

"शे ना. कोनती दिऊ?"

"स्वस्तवाली दखाडा."

झाली परीक्षा. खोकं उघडणं नाही, रबर ताणून बघणं नाही, वाल हलवून बघणं नाही. खोक्यावर धावणाऱ्या घोड्याचं किंवा उडणाऱ्या गरुडाचं चित्र असतं, तेवढ्यावर काम भागतं. हंड्यात पाणी राहिलं पाहिजे आणि ट्यूबमध्ये हवा, म्हणजे दोघांचं काम एकच. पण हंडा गळला तर ओटा ओला होतो, चारचौघांना दिसतं. ट्यूब गळते ती रात्री, घरचे सगळे झोपल्यावर, कोणाला न सांगता. सकाळी चाक बसलेलं दिसतं आणि मालक म्हणतो, "रातले तर हवा भरी व्हती!"

स्वस्त ट्यूब ओळखायला फारसं शिक्षण लागत नाही. बोटांत धरून ताणली की एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला उजेड दिसेल इतकी पातळ. शिवणीचा उंचवटा एखाद्या ठिकाणी गायबच. जिथे पितळेचा वाल ट्यूबला जोडलेला असतो, तिथल्या रबराच्या चकतीची कड नखाने उचकटते. आतल्या पांढऱ्या पावडरीने खिसा भरतो. ब्रँडचं नाव ओळखीचं वाटतं, पण नीट वाचलं तर एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं असतं. हे सगळं दुकानदाराला ठाऊक असतं. तो चांगली ट्यूब आधी दाखवतोही. पण गिऱ्हाईक किंमत ऐकून असा चेहरा करतं की बिचारा वरच्या फळीकडे हात नेतो, जिथे दुसरा माल असतो. वाचतात ते चाळीस-पन्नास रुपये. त्यातले वीस-तीस पहिल्याच पंक्चरला जातात, उरलेले दुसऱ्याला. तिसऱ्या पंक्चरपासून आपण कारखान्याच्या नफ्यात भर घालत असतो.

"गॅरंटी काय?" हा प्रश्न मात्र सगळे न चुकता विचारतात, नव्वद रुपयांच्या मालालाही. त्यावर मिळणाऱ्या उत्तराला मी खानदेशी व्यापारातलं सर्वांत प्रामाणिक वाक्य मानतो.

"हवानी गॅरंटी कोन देस भो?"

यात थोडं विज्ञानही आहे. साध्या नैसर्गिक रबरातून हवा आपोआप झिरपते, त्याला भोक लागत नाही. १९३७ साली अमेरिकेत ब्यूटाइल नावाचं कृत्रिम रबर तयार झालं. त्यातून हवा फार कमी झिरपते, म्हणून आज बऱ्या ट्यूबच्या खोक्यावर 'ब्यूटाइल' असं छापलेलं असतं. साध्या रबराच्या ट्यूबला दर चार-आठ दिवसांनी पंप मारावाच लागतो. यावरून पंक्चरच्या दुकानात जे वाद होतात ते कोर्टात शोभावेत. कारागीर ट्यूब पाण्यात बुडवून म्हणतो, पंक्चर नाही. गिऱ्हाईक म्हणतं, मग हवा गेली कुठे? कारागीर पुन्हा बुडवतो. गिऱ्हाईक स्वतः वाकून बघतं. बाकावर बसलेले दोन रिकामे नानाही उठून बघतात. चौघांचं एकमत होतं की ट्यूबला भोक नाही आणि हवाही नाही. मग वीस रुपये द्यायचे की नाही, यावर खरी सुनावणी सुरू होते.

मापाची गंमत वेगळीच. जुन्या काळ्या उंच सायकलीला २८ × १½ ची ट्यूब लागते, मुलींच्या बऱ्याच सायकलींना २६ × १⅜ ची, पोराच्या सायकलीला आणखी लहान. टायरच्या बगलेवर हे आकडे उठावाने छापलेले असतात, पण ते वाचायला टायर पुसावं लागतं. त्यापेक्षा हातांनी हवेत गोल काढून "एवढं चाक शे" असं सांगणं सोपं. दुकानात हव्या त्या मापाची नसली तर '२८ ची २६ मध्ये बसी जास' असं सांगणारा कोणीतरी बाकावर असतोच. बसते, नाही असं नाही. पण जास्तीच्या रबराची आत घडी पडते आणि त्याच घडीवर ट्यूब चिरते. उलट, लहान ट्यूब ताणून मोठ्या चाकावर चढवली की ती पातळ होते, मग काट्याला मेहनतही पडत नाही.

काट्यांचं म्हणाल तर त्या बाबतीत खानदेश श्रीमंत आहे. शेतरस्त्याला बाभूळ, ओढ्याला वेडी बाभूळ आणि पावसाळा सरला की पायवाटेवर सराटा. बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घालायला बैलगाडी भरून निघते, आणि ती जिथून जिथून जाते तिथे मागून येणाऱ्या सायकलवाल्यांसाठी आठवण ठेवून जाते. बाभळीचा काटा निदान दिसतो तरी, पांढरा, लांब, सरळ. सराट्याची बात और आहे. त्याचं फळ वाळलं की पाच तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याला दोन टणक शिंगं, आणि तुकडा कसाही पडला तरी एखादं शिंग वर राहतंच. हाच सराटा आयुर्वेदात गोक्षुर म्हणून दशमुळात बसतो आणि मुतखड्यावर दिला जातो. म्हणजे एकाच झुडपाने धन्याची मूत्रपिंडं सांभाळायची आणि त्याच्या सायकलीची ट्यूब फोडायची. अमेरिकेतही हा सराटा पोचला आहे. तिथले सायकलवाले त्याला बोकडाचं डोकं म्हणतात आणि आयडाहो राज्यातल्या बॉइसी शहरात त्याच्या नावाने सायकलींचा उत्सवही भरतो. आपल्याकडे अजून सराट्याची जत्रा भरलेली नाही. वर्गणी मागायला कोणी आलं तर पंक्चरवाले नाही म्हणणार नाहीत.

हायवेवरचा काटा निराळा. ट्रकचं रेडियल टायर फुटलं की त्याच्या काळ्या पट्ट्या रस्त्याच्या कडेला पडून राहतात. त्यात पोलादी तारा असतात, केसासारख्या बारीक. पट्टी उन्हात कुजते, तारा सुट्ट्या होतात आणि कडेकडेने शहाण्यासारखी सायकल चालवणाऱ्याच्या टायरमध्ये शिरतात. बाहेरून काहीही दिसत नाही. या तारेने हैराण झालेला माणूस एका महिन्यात दोन नव्या ट्यूब घेतो आणि दोन्ही वेळा ट्यूबच्या कारखान्याला शिव्या देतो. तार बापडी टायरमध्ये बसून तिसऱ्या ट्यूबची वाट बघते.

म्हणूनच मला पंक्चरवाल्यांपैकी जुना, सायकलवाला पंक्चरवाला आवडतो. फाट्यावर कॉम्प्रेसर लावून बसलेला ट्यूबलेसवाला वेगळ्या जातीचा. तो चाक न उघडता भोकात रबरी वात खुपसतो आणि दोन मिनिटांत पुढच्या मोटारसायकलकडे वळतो. सायकल दिसली की तो मान फिरवतो. फारच विनवणी केली तर नळी लावतो आणि असा एकच फुसकारा सोडतो की टायर रिमवरून उठतं. जुना सायकलवाला म्हणजे आमच्या गावातले आबा. त्यांच्याकडे कॉम्प्रेसर नाही. एक उभा पंप आहे, त्याच्या दांड्याचं लाकूड हातांनी गुळगुळीत झालेलं. आतला चामड्याचा वॉशर वाळला की आबा त्यावर तेलाचे दोन थेंब सोडतात आणि पंप पुन्हा दम धरतो.

आबांचं काम एकदा जवळ बसून बघावं. सायकल उलटी, सीट आणि हँडल जमिनीवर. आधी ते टायरला हात लावतच नाहीत. वालच्या तोंडावर थुंकीचं बोट फिरवतात आणि बघतात. बुडबुडा फुगला तर रोग वालट्यूबचा. ही वालट्यूब म्हणजे पितळी पिनेवर चढवायची बोटाच्या दोन पेरांएवढी रबरी नळी. ती उन्हाने चिकट होते, चिरते, आणि अख्ख्या सायकलीला बदनाम करते. आबा जुनी नळी नखाने सोलतात, नवीला ओठांत ओली करतात आणि पिनेवर सरसर चढवतात. थुंकीशिवाय ती चढत नाही. तेलाने चढते, पण तेल रबराला खातं, असं आबांचं म्हणणं आणि ते खरं आहे.

बुडबुडा नाही आला तर मग पान्ह्याने टायरची एक बाजू उचकटायची, ट्यूब बाहेर ओढायची, थोडी फुगवायची आणि घमेल्यात हप्त्याहप्त्याने बुडवत जायची. घमेल्यातलं पाणी या वर्षीचं आहे की गेल्या वर्षीचं हे विचारू नये. बुडबुड्यांची माळ वर आली की आबा तिथे बोट दाबतात, ट्यूब पुसतात, भोकात आगपेटीची काडी खोचतात. आणि मग जे करतात ते बहुतेक गिऱ्हाइकांच्या लक्षातच येत नाही. ते भोकाची जागा वाचतात. भोक बाहेरच्या अंगाला, रस्त्याकडे असेल तर काटा किंवा तार. आतल्या अंगाला, रिमकडे असेल तर स्पोकचं टोक वर आलंय किंवा रिमवरची पट्टी कुजलीय. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती, त्यात मागे कोणीतरी बसलं होतं, आणि दगडावर रिमने ट्यूबला चावा घेतला. वालच्या मुळाशी फाटलं असेल तर ट्यूब मुळातच हलकी, नाहीतर कमी हवेवर चालवल्याने टायर सरकून वाल ओढला गेला.

"डबल सीट कोन व्हतं?" आबा विचारतात.

"कोनीच नही."

आबा काही बोलत नाहीत. दोन चिरा शेजारी शेजारी उघड्याच असतात.

वाचून झालं की कानसपट्टीने घासणं, सोल्युशन लावणं आणि वाट बघणं. या वाट बघण्यातच पंक्चरचं आयुष्य ठरतं. सोल्युशन बोटाला चिकटायचं थांबलं की मगच ठिगळ ठेवायचं असतं. आबा तोवर बिडी काढतात, पण पेटवायला ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जातात, कारण सोल्युशन भडकतं. गिऱ्हाईक मात्र "लवकर आटपा, शाळा भरनार शे" म्हणत उभं असतं. घाईत ओल्यावरच चिकटवलेलं ठिगळ मे महिन्यात, पारा ४४ च्या वर गेला आणि सायकल भर उन्हात लावली, की सुटतं. मग लोक म्हणतात, उष्णतेने ट्यूब फुटली.

ठिगळ विकतचंही मिळतं. पण आबा जुन्या ट्यूबचा तुकडा कातरून लावतात. मेलेली ट्यूब त्यांच्याकडे वाया जात नाही. तिच्या पट्टीने कॅरिअरला दुधाची कॅन बांधली जाते, ठिबकच्या नळीचा गळका सांधा आवळला जातो, पोरं गलोल करतात, आणि आडव्या चकत्या कापल्या की किराणा दुकानदाराला पुड्यांसाठी रबरबँड. टायरवर फोड आला की आतून जुन्या टायरचा तुकडा घालतात, त्याला गेटर म्हणायचं. काही सायकलींची ट्यूब अशी असते की मूळ रबर किती आणि ठिगळ किती याचा हिशेब लागत नाही. तरी मालक म्हणतो, "ट्यूब कंपनीनी शे, अजून बदली नही."

पंक्चरवालेच रस्त्यावर खिळे टाकतात, असा आरोप आपल्याकडे मोठ्या आत्मविश्वासाने केला जातो. आबांवर तो करणाऱ्याने त्यांच्या गुडघ्यांची अवस्था बघावी. ते खिळे टाकायला हायवेपर्यंत जातील कसे? पण खिळे टाकण्याचा एक खरा किस्सा इतिहासात आहे, आणि तो फार वरच्या लोकांचा. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचं टायर केलं. पुढे कळलं की रॉबर्ट थॉमसनने ही कल्पना १८४५ मध्येच पेटंट करून ठेवली होती. डनलपचं टायर रिमला चिकटवलेलं असे, त्यामुळे पंक्चर काढायचं म्हणजे अर्धा दिवस काम आणि रात्रभर वाळवण. फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंनी १८९१ मध्ये सहज निघणारं टायर आणलं. ते किती पटकन दुरुस्त होतं हे दाखवायला त्यांनी पुढच्या वर्षी पॅरिस ते क्लेरमाँ-फेराँ शर्यत भरवली आणि रस्त्यावर चक्क खिळे पेरले. आज त्या कंपनीची टायरं जगभर फिरतात. आपल्या फाट्यावर असं कोणी केलं तर त्याला लोक शर्यतीचा आयोजक म्हणणार नाहीत.

पूर्वी तासाच्या भाड्याने सायकल मिळायची तेव्हा पंक्चरचा खर्च भाडेकऱ्यावर असे. त्यामुळे हवा गेलेली सायकल अंधार पडल्यावर हळूच दुकानासमोर लावून पळण्याची कला पोरांनी विकसित केली होती. दुकानदार रोज सकाळी पहिला अंगठा टायरवर दाबून बघायचा. आता भाड्याच्या सायकली गेल्या. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळू लागल्या, आणि गावोगावच्या सकाळच्या रस्त्यांवर सायकलींच्या रांगा दिसायला लागल्या. सायकल घ्यायला पैसे मिळतात. पंक्चर मात्र घरचंच. शाळेच्या वाटेवर चाक बसलं की तीन मैत्रिणी आपापल्या सायकली ढकलत चौथीला सोबत करतात, आणि पहिला तास आनंदाने बुडतो.

या मुलींच्या वडिलांना माझं सांगणं आहे. हंडा घेताना जी नजर लावता ती ट्यूबला लावा. खोकं उघडा, ट्यूब थोडी फुगवून हातात फिरवा, एखाद्या ठिकाणी फुगा जास्त आला तर परत करा, वालची कड नखाने तपासा, टायरवरचा आकडा वाचून माप सांगा. पन्नास रुपये जास्त लागले तर द्या. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून एक जुनं फडकं सगळीकडे फिरवा, कारण बोटाला न लागणारी तार फडक्यात अडकते. ट्यूब काढताना ती टायरमध्ये कशी बसली होती हे लक्षात ठेवलंत, तर वालपासून भोक जितकं लांब तितक्याच अंतरावर टायरमध्ये काटा सापडतो. रिमवरची पट्टी बदला. सायकल सावलीत लावा. आबांना सोल्युशन वाळेपर्यंत गप्प बसू द्या.

आणि हे सगळं करण्याआधी वालवर थुंकी लावून बघा. बऱ्याचदा फक्त वालट्यूब गेलेली असते, आणि ती अजूनही चिल्लरीत मिळते.